पिवळ्या गल्लीतले म्याप अण्णा

अक्कोळे अण्णांना पत्ता विचारणं हे घाईतल्या माणसाचं काम नव्हतं. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एखाद्या रिक्षावाल्यानं रिक्षा हळू करून "पोस्ट आफीस एल्ली?" एवढंच विचारलं, तरी अण्णा "वंदु निमिषा" म्हणत त्याला थांबवायचे, सदऱ्याच्या खिशातून पाठकोरा कागद काढायचे आणि रिक्षाच्या काचेवर टेकवून नकाशा काढायला घ्यायचे. आधी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. मग मोठा रस्ता दोन रेघांचा, आतला रस्ता एका रेघेचा, शाळेची भिंत, मारुतीचं देऊळ. आत बसलेला प्रवासी घड्याळ बघत राहायचा. एकदा मी वरच्या गॅलरीतून हा प्रकार बघत होते. पोस्ट ऑफिस तिथून दिसत होतं, रस्ता ओलांडला की समोर. रिक्षावाल्यानं कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि निमूटपणे निघून गेला.

"अण्णा, नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं की," मी म्हटलं.

अण्णा वर बघून म्हणाले, "बोटावर उत्तर दिशा कळत नाही, मेघाक्का."

गल्लीत सगळे त्यांना म्याप अण्णा म्हणत. निपाणीजवळच्या खेड्यातून विशीत बेंगळुरूला आलेला माणूस. शहर नियोजनाच्या सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत काम एकच, कुठल्या जमिनीवर काय व्हायचं ते नकाशात रंगवायचं. घरांना पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, बागांना हिरवा. ठरवणारे साहेब वेगळे असत. अण्णा फक्त रंग भरत, पण रेघेच्या बाहेर एक थेंब जाऊ देत नसत.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्यानं राहिलो. आम्ही पुण्याचे. नवऱ्याची नोकरी जवळच, पीण्या भागातल्या एका कारखान्यात आणि माझी पार महादेवपुऱ्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पुढं लागेल म्हणून सांगून ठेवते, एरवी या लेखात माझं फारसं काम नाही.

घर बघायला गेलो त्या दिवशी अण्णांनी आमच्या हातात चहाच्या आधी घराचा आराखडा ठेवला. शाईनं काढलेला, अक्षरं छापल्यासारखी. कुठल्या खिडकीतून कुठल्या महिन्यात ऊन येतं तेही त्यात होतं. "कपाट घेणार असाल तर जिन्याच्या वळणाचं माप बघून घ्या," ते म्हणाले. "सव्वातीन फुटांच्या वर काही जात नाही." आम्ही पुणेकर, आम्हाला कोणी माप सांगितलेलं आवडत नाही. साडेतीन फुटांचं कपाट आलं, वळणावर अडकलं आणि चार माणसांनी ते शिव्या घालत परत खाली नेलं. अण्णा दारात उभे होते. "सांगितलं होतं" असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी फक्त आराखड्याची नवी प्रत वर पाठवली. तीत जिन्याच्या वळणाशी लाल शाईत लिहिलं होतं, 'कपाट अडकले'. नकाशात खरं तेवढं सगळं आलं पाहिजे, हा त्यांचा खाक्या.

त्यांच्या पुढच्या खोलीत, जिथं इतरांकडं देवाचं कॅलेंडर असतं, तिथं काचेच्या चौकटीत आमच्या गल्लीचा नकाशा होता. अठरा घरं, नऊ अलीकडं, नऊ पलीकडं, सगळी पिवळीधमक. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी काय देऊ म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी या जुन्या शीटची एक प्रत मागून घेतली होती. त्यातला पिवळा त्यांनीच भरलेला. शिवाय गल्लीतल्या प्रत्येक फाटकावरचा घराचा नंबर त्यांनी स्वतः रंगवलेला होता. अठराही नंबर एकाच हाताचे, एकाच उंचीचे. त्यांच्या सातच्या आकड्याला पोटात एक बारीक आडवी रेघ असायची. पोस्टमनसुद्धा त्यावरून ओळखायचा की आपण बरोबर गल्लीत आलो.

एवढी काटेकोरी माणसात कुठून येते, असं मी त्यांना एकदा विचारलं. श्रावणातला सोमवार होता, खाली फराळाला बोलावलं होतं. अण्णांनी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका शीटमध्ये रस्तारुंदीची रेघ त्यांच्या हातून हलली. अगदी पेनाच्या जाडीएवढी. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, पण तोवर साहेबांची सही झालेली. वरचे ड्राफ्ट्समन म्हणाले, गप्प बस, एवढ्याशा रेघेनं काय होतंय. ते गप्प बसले.

"त्या रेघेखाली एका बाईचं स्वैपाकघर होतं," अण्णा म्हणाले. "कागदावर रस्ता, जाग्यावर चूल. सहा वर्षं बाई कचेरीचे जिने चढत होती. मला ओळखायची. 'तम्मा, माझं काम कधी होतंय?' म्हणून मलाच विचारायची. तेव्हापासून चुकलेला नकाशा दिसला की मला जेवण जात नाही बघा."

शांतक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "आता तरी जेवा. भगर गार झाली."

शांतक्कांची दृष्टी मधुमेहानं गेली होती. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी रोज संध्याकाळी पाच वाजता त्या काठी न घेता एकट्या गल्लीतून फिरून यायच्या. अलीकडच्या नऊ फाटकांना हात लावत शेवटापर्यंत, मग गल्ली ओलांडून पलीकडची नऊ. कुठल्या फाटकाची कडी सैल, कुठल्याला गंज, कुठं पायरी आडवी येते, सगळं त्यांना पाठ. जाता जाता प्रत्येक घरी दोन वाक्यं बोलून व्हायची. सावित्रम्मांच्या फाटकाशी जास्त वेळ, कारण सावित्रम्मा एकट्या राहायच्या आणि त्यांना बोलायला कोणीतरी लागायचं. अठरा फाटकांची ही फेरी म्हणजे शांतक्कांचा दिवस. उरलेले तेवीस तास त्या संध्याकाळची वाट बघायच्या.

अण्णा त्यांच्या मागून चालायचे, हात मागं बांधून, बरोबर दहा पावलांवरून. त्या अडखळल्या तरी ते बोलत नसत. मला ते विचित्र वाटायचं, खरं सांगायचं तर थोडं निष्ठुरही. एकदा मी म्हटलं, हात का नाही धरत? अण्णा म्हणाले, "हात धरला की तिचं चालणं माझं होतंय." मग हळूच, "आणि तिला राग येतोय."

ही गल्ली आपली सुखानं चालली असताना एका रविवारी अण्णा वर्तमानपत्र घेऊन वर आले. इतर म्हातारी माणसं सकाळी आधी निधनवार्ता वाचतात, अण्णा आधी जाहीर नोटिसा वाचत. त्यांच्या घराला लागून, मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, फणसाचं झाड असलेला एक जुना बंगला होता. मालकांची मुलं परदेशात. त्यांनी मागचे दोन रिकामे प्लॉट धरून तो विकल्याचं आम्ही ऐकून होतो. आता त्या जागेचा वापर निवासीऐवजी व्यापारी करून मागणारी नोटीस आली होती. तिथं मोठं दुकान होणार होतं, डाळीपासून दूरदर्शन संचापर्यंत सगळं एका छपराखाली मिळणारं. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

"दुकानाचं तोंड मोठ्या रस्त्यावर," अण्णा म्हणाले. "पण तिथं लॉरी थांबवायला देत नाहीत. म्हणजे माल उतरणार कुठं? आपल्या गल्लीत."

मी म्हटलं, "शांतक्का?"

"तेच की," अण्णा म्हणाले आणि कागदाची घडी घालत बसले.

त्या आठवड्यात शामण्णांच्या व्हरांड्यात गल्लीची बैठक झाली. शामण्णा निवृत्त वकील. गल्लीत कोणाचंही भांडण त्यांच्या व्हरांड्यापर्यंत जाऊन मिटायचं. बोलणं सगळं कन्नडमध्ये. मला भाजी घेण्यापुरतं कन्नड येतं, म्हणून अण्णा शेजारी बसून हळू आवाजात मला मराठीत सांगत होते. आवाज, धूर, गटार, रस्त्याची रुंदी, म्हाताऱ्या माणसांचं चालणं, प्रत्येकानं आपापल्या शब्दांत हरकत लिहायची असं ठरलं. मग शामण्णांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. अण्णाही जास्त हळू झाले.

"ते म्हणतायत, नोटिशीत चक्कुबंदी चुकली आहे."

चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा, जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते. बंगला होता गल्लीच्या उत्तरेला. नोटिशीत लिहिलं होतं की जागेच्या उत्तर हद्दीला गल्ली आहे. म्हणजे कागदावर ती जागा गल्लीच्या दक्षिणेला गेली, बरोबर सावित्रम्मांच्या आणि त्यांच्या शेजारच्या घरांवर. नंबर बंगल्याचा आणि हद्दी समोरच्या घरांच्या. शामण्णांचं म्हणणं सोपं होतं. हरकतींनी काही होणार नाही, त्या फेटाळल्या जातात. पण ही चूक सोनं आहे. कोणी तोंड उघडायचं नाही. त्यांना त्याच चुकीच्या नोटिशीवर मंजुरी घेऊ द्या. मग आपण कोर्टात जाऊ. नोटीसच खोटी, मंजुरी रद्द, सगळं पहिल्यापासून. त्यात दोन-तीन वर्षं जातात आणि तेवढ्यात दुकानाची कंपनी दुसरीकडं जागा बघते.

सावित्रम्मांनी विचारलं, "आणि तोवर माझं घर?"

"कागदावर दुकान," शामण्णा हसून म्हणाले. "नुसतं कागदावर. स्वल्प दिवस."

सगळे हसले. सावित्रम्माही हसल्या. अण्णांनी मला हेही भाषांतर करून सांगितलं, पण "नुसतं कागदावर" म्हणताना त्यांच्या तोंडात काहीतरी नासकं आल्यासारखं झालं. शामण्णांनी शेवटी प्रत्येकाकडं बघून विचारलं, "सरी?" म्हणजे, ठीक? प्रत्येकानं सरी म्हटलं. अण्णांनीही म्हटलं. मी शेजारीच होते, मी ऐकलं.

पुढचे दहा दिवस अण्णा दुसऱ्यांच्या हरकती लिहून देत होते. अठरा घरांच्या अठरा, एकीतलं वाक्य दुसरीत नाही, कारण एकसारखे अर्ज कचेरीत एकच म्हणून मोजतात हे त्यांना माहीत. सगळा दिवस टेबलाशी. पण शांतक्का मला म्हणाल्या, "ते जेवत नाहीत गं." मी म्हटलं, दगदग होते आहे. शांतक्का म्हणाल्या, "दगदगीनं नव्हं."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी घरून काम करत होते. अण्णा वर आले आणि स्कूटरवरून कचेरीत सोडता का म्हणून विचारलं. हातात अठरा पाकिटं होती आणि एकोणिसावं एक पातळ. कचेरीतली जुनी माणसं त्यांना बघून खुर्चीतून उठली. टपाल घेणारी मुलगी नवी होती, ती एकेका पाकिटावर शिक्का मारत गेली. एकोणिसावं अण्णांनी उघडंच ठेवलं होतं. एक पान आणि त्याला जोडलेला ट्रेसिंग कागदावरचा छोटा नकाशा. उत्तर दिशेचा बाण, गल्ली, बंगल्याची जागा तिरप्या रेघांनी भरलेली, चारी हद्दी त्या सुंदर अक्षरांत. मला कन्नड वाचता येत नाही, पण नकाशा वाचता येतो.

"अण्णा, हे द्यायचं नव्हतं ना?" मी विचारलं.

"विरोध वेगळा, चूक वेगळी," अण्णा म्हणाले. "विरोध पहिल्या अठरांत आहे."

"पण त्या चुकीवरच तर सगळं..."

"मेघाक्का, त्या घरात सावित्रम्मा राहते. कागदावर स्वल्प दिवस म्हणून मी एकदा गप्प बसलो होतो."

माझंही काम चुका शोधायचंच. पण आमच्या धंद्यात चूक कधी सांगायची नाही, हेही शिकवतात. ग्राहकाच्या बाजूनं चूक झाली असेल तर आपण गप्प बसायचं, त्यालाच कळू द्यायचं. मी हे अण्णांना सांगू शकले असते. पाकीट हातातून काढून घेऊ शकले असते, निदान घरी जाऊन शांतक्कांशी बोला असं म्हणू शकले असते. मी पोचपावतीचा कागद हातात धरून उभी राहिले. शिक्का पडला. येताना अण्णांनी कोपऱ्यावर थांबून पोटभर इडली खाल्ली, दहा दिवसांत पहिल्यांदा. ते बघून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

महिन्याभरानं दुरुस्त नोटीस छापून आली. सोबत जागेचा नकाशा. त्यांनी नवा काढायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते, अण्णांचाच छापला होता. गल्लीत कोणाला काही विचारावं लागलं नाही. आडव्या रेघेचा सात प्रत्येकाच्या फाटकावर होता.

शामण्णा भांडले नाहीत. ते सकाळी अण्णांच्या फाटकाशी आले, आत आले नाहीत. "म्याप अण्णा," ते म्हणाले, "त्यांची उत्तरपत्रिका तुम्ही तपासून दिलीत." आणि परत गेले. नंतर सुनावणी झाली. प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं बोलू दिलं, हरकती विचारात घेऊन फेटाळल्या. गल्लीचं टोक निळं झालं.

ज्यांच्यासाठी अण्णांनी हे केलं, त्या सावित्रम्मा तरी मऊ बोलतील असं मला वाटत होतं. संध्याकाळच्या फेरीत शांतक्का त्यांच्या फाटकाशी थांबल्या, तेव्हा अण्णा मागं दहा पावलांवर होते आणि मी भाजी घेऊन येत होते. सावित्रम्मा म्हणाल्या, "अक्का, माझं घर कागदावर गेलं असतं तर गेलं असतं. आता गल्ली गेली." मोठ्यानं म्हणाल्या नाहीत, पण दहा पावलांवर ऐकू जाईल इतपत म्हणाल्या. अण्णा शेजारच्या फाटकावरचा नंबर बघत उभे राहिले.

एकेक करून फाटकांवर स्टीलच्या नव्या पाट्या आल्या. कोणी अण्णांना काही बोललं नाही, फक्त नंबर झाकले. त्या वर्षी संक्रांतीला एळ्ळू-बेल्ल घेऊन आमच्या घरी सगळे आले, तीळगूळ-खोबऱ्याची पुडी देऊन खाली अण्णांकडं न थांबता गेले. मला शरम वाटली, आणि कोणाची वाटली ते अजून नक्की सांगता येत नाही. गल्लीचं चुकलं असं मला म्हणवत नाही. अण्णांचं चुकलं असंही म्हणवत नाही. या गोष्टीचा विचार करून करून मी थकले आहे.

शांतक्कांनी अण्णांना एकच विचारलं होतं. जिन्यावरून जाताना कानावर पडलं.

"अहो, काय होणार ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय."

"मग सरी," शांतक्का म्हणाल्या. विषय तिथं संपला. निदान मला तरी पुन्हा ऐकू आला नाही.

फणस तोडला, बंगला पाडला, वर्षभरात दुकान उभं राहिलं. अण्णांनी सांगितलं होतं तसंच झालं, लॉऱ्या गल्लीत. सकाळी दुधाची, मग भाजीची, दुपारी खोक्यांची. संध्याकाळी पाच वाजता तर दोन-दोन उभ्या. त्यांना जागा व्हावी म्हणून लोकांनी आपापल्या गाड्या फाटकांना चिकटवून लावायला सुरुवात केली. शांतक्कांचा हात फाटकाऐवजी गाडीच्या आरशाला लागायचा. पहिल्यांदा त्यांनी पलीकडची बाजू सोडली, कारण ओलांडता येईना. नऊ फाटकं राहिली. मग एकदा मागं येणाऱ्या लॉरीच्या धक्क्यातून त्या थोडक्यात वाचल्या आणि नवाची पाच झाली. आम्ही घर सोडलं तेव्हा त्या फक्त आपल्या फाटकापर्यंत जाऊन कडीला हात लावून परत यायच्या. अण्णा तेव्हाही मागून चालायचे. अंगणात दहा पावलांची जागाच नव्हती, म्हणून चारांवरून.

आम्ही महादेवपुऱ्यात राहायला गेलो. दीड तासाचा प्रवास वाचला, पण वाचलेला वेळ कुठं जातो ते कळत नाही. निघताना अण्णांनी नव्या घरापर्यंतचा नकाशा काढून दिला होता. भिंतीवरचा गल्लीचा नकाशा मात्र तेव्हा तिथं नव्हता. मी विचारलं नाही. टेबलावर रंगाच्या बाटल्या निघालेल्या दिसल्या, निळ्याचं झाकण उघडं होतं.

त्यानंतर त्यांना एकदाच बघितलं, गेल्या फेब्रुवारीत. जुन्या पत्त्यावर माझं एक सरकारी टपाल आलं होतं. सकाळी लवकरच पोचले. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्या दुकानात फळं घ्यायला शिरले. गल्लीशी बेइमानी केल्यासारखं वाटलं, पण आसपासचे फळवाले आता बसत नाहीत. दुकान नुकतंच उघडलं होतं. गिऱ्हाईक नव्हतं, दारातला रखवालदार चहा पीत होता. लांबच लांब रॅकांच्या मधल्या वाटेत मला शांतक्का दिसल्या.

काठी नव्हती. उजवा हात रॅकच्या कडेवरून फिरवत त्या सरळ चालल्या होत्या, पूर्वी फाटकांवरून चालायच्या तशा. आणि मागं, बरोबर दहा पावलांवर, अण्णा. बरेच वाकले होते. हात मागं बांधलेले नव्हते, एका हातात घडीचा कागद होता, कानावर पेन्सिल.

मला बघून त्यांनी मान हलवली, जणू मी रोजच भेटते. "आलासा?" हळूच म्हणाले. "इथं सकाळी अर्धा तास कोणी नसतंय. फरशी सपाट, लॉरी नाही. चालायला बरं आहे." त्यांनी कागद दाखवला. दुकानाचा नकाशा होता. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. डाळी, तेलं, साबण, भांडी, प्रत्येक रॅकची लांबी पावलांत. खोडून खोडून कागद झिरझिरीत झाला होता. "दर पंधरा-वीस दिवसांनी रॅक हलवतात," ते म्हणाले. "गिऱ्हाइकानं जास्त फिरावं म्हणून. हे लोक नोटीससुद्धा काढत नाहीत."

एवढ्यात शांतक्का थांबल्या. त्यांच्या हिशेबानं तिथं वाट उजवीकडं वळत होती. हात पुढं केला तर समोर बिस्किटांच्या खोक्यांचा नवा ढीग. त्यांनी वर चाचपलं, खाली चाचपलं. वळण डावीकडं होतं, तीन पावलांवर, मला दिसत होतं. अण्णांना तर दिसतच होतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

"सांगू नका," शांतक्का मागं न बघता म्हणाल्या. "मी शोधते."

त्या उजवीकडंच गेल्या. तिकडं भिंत होती. मी पुढं होऊन "अक्का, डावीकडं" म्हणणार होते, तेवढ्यात अण्णांनी हात आडवा केला. पेन्सिल बोटांत, कागदावर जुनी चुकीची रेघ तशीच. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शांतक्का भिंतीपर्यंत गेल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि अण्णा दहा पावलांवर गप्प उभे राहिले.